स्तनवृद्धीची शस्त्रक्रिया: कर्ज काढून आत्ता, की स्वतःच्या पैशांनी मे महिन्यात?

ताई, तुम्ही कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहता, शाळेत शिकवता, वय ३६. दोन बाळंतपणांनंतर इम्प्लांटची शस्त्रक्रिया करायचं तुम्ही ठरवलंय. क्लिनिकनं १,८०,००० रुपये सांगितलेत. याच आठवड्यात अॅडव्हान्स भरलात तर १६ टक्क्यांनी दोन वर्षांचं कर्जही मिळवून देणार आहेत. कर्ज घ्यावं, एफडी मोडावी, की पाटल्या गुजरीत सराफाकडे तारण ठेवाव्यात, असं तुम्ही विचारलंय.

शस्त्रक्रिया करावी की नाही, हा तुमचा निर्णय आहे आणि मला त्यात उधळपट्टी दिसत नाही. पण या आठवड्यात अॅडव्हान्स भरू नका.

आधी त्या आकड्याबद्दल. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो. तो धरलेला नसेल तर बिल २,१२,४०० होतं. तेवढं कर्ज काढलंत तर महिन्याला साधारण १०,४०० रुपये हप्ता आणि दोन वर्षांत ३७,००० च्या आसपास व्याज. तुमची महिन्याची शिल्लक ११,००० आहे. म्हणजे दोन वर्षं हाताशी काहीच उरणार नाही, आणि नेमक्या याच काळात पैसे लागू शकतात.

कारण मेडिक्लेम इथे कामाला येत नाही. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीय गरज म्हणून केलेले उपचार सोडले, तर कॉस्मेटिक शस्त्रक्रिया पॉलिसीतून वगळलेली असते. त्यानंतर जंतुसंसर्ग झाला किंवा रक्त साचलं, तर तो खर्चही बहुधा खिशातूनच जातो. ‘कागदावर दुसरं कारण लिहून देतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा. खोट्या दाव्यानं सगळ्या कुटुंबाची पॉलिसी धोक्यात येते.

आता तुमच्याकडे काय आहे ते बघू. एफडी २,४०,००० ची. घरखर्च महिना ३५,०००, म्हणजे सहा महिन्यांचे २,१०,००० बाजूला ठेवायलाच हवेत. उरले ३०,०००. जानेवारीत भिशीचे १,२०,००० मिळतील. जूनपासून एप्रिलपर्यंत ११,००० प्रमाणे १,२१,००० साठतील. एकूण २,७१,०००. बिल भागून ५८,००० हून जास्त उरतात. ते गुंतागुंतीसाठी वेगळ्या खात्यात ठेवा. पाटल्यांना हात लावायची गरज नाही.

मे महिना सुचवतोय तो सुट्टीमुळेही. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड उचलता येत नाही, सुरुवातीला गाडी चालवता येत नाही. शाळा चालू असताना बिनपगारी रजा पडेल, तो खर्च कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही. घरात निदान एका माणसाला सांगून ठेवा. पहिले दिवस सोबत लागतेच.

मधल्या महिन्यांत प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी घेतलेल्या आणखी एका सर्जनचं मत घ्या, पुण्याला जावं लागलं तरी जा. भूलतज्ज्ञ कोण, शस्त्रक्रिया कुठे होणार, रात्री त्रास झाला तर आयसीयू कुठे, हे विचारा. स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेकदा हेच गाळलेलं असतं. तुम्ही घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिकसुद्धा, सर्जनना सांगा. काही औषधांनी रक्तस्राव वाढतो.

इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाही. सिलिकॉनचं असेल तर पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी, असं अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए सांगते. म्हणून मेनंतर महिना १,५०० ची आरडी सुरू करा. दहा वर्षांत व्याज सोडून १,८०,००० होतात. कंपनीचं नाव आणि सिरियल नंबर असलेलं कार्ड मागून घ्या. २०१९ मध्ये अॅलर्गन कंपनीचे खडबडीत पृष्ठभागाचे इम्प्लांट एका दुर्मिळ कर्करोगाच्या धोक्यामुळे परत मागवले गेले, तेव्हा आपलं कुठलं हे त्या नोंदीवरूनच कळत होतं.

क्लिनिकला आज एवढंच विचारा: जीएसटी, इम्प्लांट, भूल, तपासण्या, ड्रेसिंग धरून एकूण किती, आणि अॅडव्हान्स भरून तारीख रद्द केली तर परत किती मिळणार. दोन्ही लेखी घ्या.