पातळ्या जुळल्या, आता थोडं थांब

मॉडफ्लोमध्ये, म्हणजे भूजलाच्या संगणकीय मॉडेलमध्ये, विहिरींच्या पातळ्या मोजलेल्या पातळ्यांशी जुळल्या म्हणून लगेच प्रदूषकाच्या मागे लागू नकोस. पातळी जुळली म्हणजे वेग जुळला असं नाही. डार्सीच्या सूत्रातून (कंडक्टिव्हिटी गुणिले उतार) येणाऱ्या प्रवाहाला इफेक्टिव्ह पोरॉसिटीने, म्हणजे पाणी वाहू देणाऱ्या पोकळीच्या प्रमाणाने, भागलं की पाण्याचा खरा वेग मिळतो. एकदा हाताने करून बघ: हायड्रॉलिक कंडक्टिव्हिटी (खडकातून पाणी किती सहज वाहतं त्याचं माप) दिवसाला १ मीटर, पाणीपातळीचा उतार ०.०१. वाळूसाठी पोरॉसिटी ०.२५ धरली, तर पाणी वर्षाला साधारण १५ मीटर सरकतं. आपल्या भेगाळ बेसाल्टसाठी ०.०२ धरली, तर १८० च्या वर! पुस्तकातला वाळूचा आकडा दख्खनच्या खडकाला लावलास, तर तू दहा वर्षं सुरक्षित ठरवलेल्या विहिरीत वर्षभरातच घाण पोचेल. आणि ते पाणी लोक पितात रे.

सुरुवात क्लोराइडने कर. ते खडकाला फारसं चिकटत नाही, विघटितही होत नाही. त्यामुळे वेग चुकलाय का ते स्वच्छ दिसतं. मॉडेलच्या जाळीचा चौकोन डिस्पर्सिव्हिटीच्या (प्रदूषक वाहताना किती पसरतो ते सांगणाऱ्या लांबीच्या) दुपटीपेक्षा मोठा नको, नाहीतर गणितातलाच पसरटपणा तुला प्रदूषण वाटेल. पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या नमुन्यांची सरासरी मात्र अजिबात काढू नकोस.