आमदारांना क्लायमेटचं निवेदन दिलं, फोटो निघाला, आता पुढे काय?

तुझी पोस्ट दोनदा वाचली. म्हणजे झालंय असं की कुर्ला-गोवंडी पट्ट्यातली तुम्ही सात-आठ कॉलेजची पोरं आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेलात, ‘राज्यात क्लायमेट इमर्जन्सी जाहीर करा’ असं नऊ पानी निवेदन दिलंत, चहा झाला, फोटो झाला, तो फोटो ‘तरुणाईशी संवाद’ म्हणून साहेबांच्या पेजवर आला, आणि तीन महिने झाले पुढे शून्य. आता ग्रुपमधले अर्धे म्हणतायत आझाद मैदानात बसू, अर्धे म्हणतायत सोडा, आणि घरी आई म्हणते राजकारणात पडू नकोस. आईचं शेवटी बघू.

आधी एक सांगतो, साहेबांनी तुम्हाला फसवलं असं मला तरी वाटत नाही. तुम्ही जे मागितलंत ते एकट्या आमदाराच्या हातातच नाही, त्यामुळे त्यांना ‘हो’ म्हणायला काहीच खर्च आला नाही. हा नियम धरून चाल: ज्या मागणीला लगेच हो मिळतं ती मागणी चुकीच्या टेबलावर गेलेली असते. नऊ पानं पीए वाचत नाही, तो वरचा विषय वाचतो आणि कोपऱ्यात पेनाने एका खात्याचं नाव टाकतो. ‘पर्यावरण’ लिहिलं की कागद मंत्रालयात पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाकडे जाणाऱ्या गठ्ठ्यात पडतो, तिथून ‘आपले निवेदन पुढील कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असं पत्र आलं तर नशीब समज.

मग आमदाराच्या हातात खरं काय असतं? सभागृहात प्रश्न विचारणं, लक्षवेधी लावणं (तातडीच्या विषयावर मंत्र्यांकडून उत्तर मागणं), औचित्याचा मुद्दा मांडणं (एखादा विषय सभागृहात थोडक्यात मांडणं). जिल्हा नियोजन समितीत पालकमंत्र्यांसमोर बोलणं. स्थानिक विकास निधी, जो २०२२ च्या बजेटमध्ये वर्षाला ५ कोटी झाला (कुठली कामं त्यात बसतात ते नियम ठरलेले असतात, मागण्याआधी जिल्हा नियोजन कार्यालयात विचारा). आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे अधिकाऱ्याला फोन. वॉर्ड ऑफिसला साहेबांचा फोन गेला की फाईल कशी पळते ते बघशीलच. खासदार म्हणशील तर रेल्वे, कोळसा, केंद्राचे कायदे आणि त्यांचा वेगळा ५ कोटींचा निधी. पण गटार, झाडं, कचरा, पालिकेच्या शाळा, बेस्ट हे सगळं पालिकेचं, तिथे नगरसेवक. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, त्यामुळे तुमच्या वयाच्या पोरांना नगरसेवक ही काय चीज असते हेच माहीत नाही. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, आता २२७ जण पुन्हा आहेत, त्यातले बरेच नवे आहेत आणि नव्या नगरसेवकाला नाव कमवायला विषय हवा असतो. मी तुमच्या जागी असतो तर आमदाराआधी तिथे गेलो असतो.

आता मुख्य मुद्दा. नवीन काही मागू नका, त्यांनी आधीच कागदावर कबूल केलेलं मागा. पालिकेने मार्च २०२२ मध्ये मुंबई वातावरण कृती आराखडा जाहीर केला, २०१९ च्या तुलनेत उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के, २०४० पर्यंत ४४ टक्के कमी आणि २०५० ला नेट झीरो (म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषलं जाणं). त्यात ऊर्जा आणि इमारती, वाहतूक, कचरा, हिरवळ, हवा, पूर आणि पाणी अशी सहा क्षेत्रं घेतलीत. जाडजूड आहे, इंग्रजी आहे, पण बसून वाचा, कारण तुमच्या नऊ पानांतलं बरंचसं त्यात सापडेल. फरक एवढाच की तुमच्या पानांवर पालिकेचा शिक्का नाही आणि त्याच्यावर आहे. ‘क्लायमेटसाठी काहीतरी करा’ म्हणणाऱ्या पोराला टाळता येतं, ‘तुमच्या आराखड्यात हे लिहिलंय, आमच्या वॉर्डात किती झालं’ म्हणणाऱ्याला टाळायला जरा जड जातं.

उदाहरण घेऊ. तुमच्या भागात घरं पत्र्याची, पोटमाळ्यावर एप्रिल-मेमध्ये दुपारी पाठ टेकता येत नाही, हे मी तुला काय सांगू. छताला उन्ह परतवणारा पांढरा रंग मारला की आत गरमी कमी होते, ही काही प्रयोगातली गोष्ट राहिलेली नाही, तेलंगणाने २०२३ मध्ये यावर राज्याचं अख्खं धोरण आणलं. मग तुमची मागणी अशी: ‘अमुक प्रभागातील महापालिका शाळांच्या छतांना उष्णतारोधक पांढरा रंग पुढील मार्चअखेरपूर्वी लावावा.’ बस, एक ओळ. खाली तीन मुद्दे: शाळांची नावं, वरच्या मजल्यावरच्या वर्गांचं तुम्ही स्वतः थर्मामीटर लावून घेतलेलं दुपारचं तापमान (मुख्याध्यापकांना विचारूनच आत जा, नाहीतर विषय भलतीकडे जाईल), आणि पालिकेच्या आराखड्यातलं संबंधित पान. संपलं निवेदन. एक पान. मराठीत. विषय ठळक. शेवटी सह्या, आणि सह्यांपुढे पत्ता आणि मतदार यादीतला भाग क्रमांक. हा भाग क्रमांक पीएच्या नजरेत भरतो, विश्वास ठेव.

आणि दोन प्रती न्यायच्या. एक देताना दुसरीवर पोच घ्यायची, तारीख, शिक्का, आवक क्रमांक. ‘फोटो काढला ना, पोच कशाला’ असं म्हणतील. हसून म्हणायचं, कॉलेजात दाखवायला लागते. पोच नसलेलं निवेदन दिलेलंच नसतं.

आमदारांकडे जायचंच असेल तर तयार प्रश्न घेऊन जा. विधानसभेच्या तारांकित प्रश्नांची (ज्यांवर सभागृहात मंत्र्यांना तोंडी उपप्रश्नही विचारता येतात) भाषा ठरलेली असते, विधिमंडळाच्या वेबसाईटवर जुन्या याद्या पडून आहेत, चार वाचल्यास की जमेल. साधारण असं:

(१) मुंबईतील पूर्व उपनगरांतील महापालिका शाळांच्या वरच्या मजल्यावरील वर्गांमध्ये उन्हाळ्यात तीव्र उष्णतेचा त्रास विद्यार्थ्यांना होत असल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, मुंबई वातावरण कृती आराखड्याच्या अनुषंगाने या शाळांत कोणती उपाययोजना केली वा करण्यात येत आहे;
(३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तर बहुतेक ‘हे अंशतः खरे आहे’ आणि तिसऱ्याला ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं येईल, नाराज होऊ नका. गंमत उत्तरात नसतेच. हा प्रश्न लागला की खात्यातून पालिकेला माहिती मागवली जाते, पालिकेतून वॉर्डात, वॉर्डातून शाळेत, आणि कोणीतरी इंजिनिअर पहिल्यांदा त्या छतावर चढतो. मला तर वाटतं अर्धं काम तिथेच होतं. शिवाय सरकारने लेखी दिलेलं उत्तर तुमच्या हातात राहतं, पुढच्या वेळी तेच दाखवून विचारायचं. आणि हाच प्रश्न विरोधी बाकांवरच्या दोन-तीन आमदारांनाही द्या, एका प्रश्नावर अनेकांची नावं येतातच, त्यात पाप नाही. फक्त प्रत्येकाला सांगा की इतरांनाही दिलाय. लपवलंत आणि नंतर कळलं तर दोन्ही दारं बंद.

वेळेचं गणित पोरं नेहमी विसरतात. बजेट अधिवेशन मुंबईत मार्चच्या सुमारास, पावसाळी जून-जुलैच्या आसपास तेही मुंबईत, हिवाळी डिसेंबरला नागपूरला. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी जातात, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर प्रश्न घेऊन जाणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका वाटणं. पालिकेचं बजेट फेब्रुवारीच्या सुरुवातीला येतं (२०२५-२६ चं ७४,४२७ कोटींचं होतं, काही छोट्या राज्यांपेक्षा मोठं), म्हणजे छताच्या रंगासाठी तरतूद हवी असेल तर दिवाळीच्या आगेमागे कामाला लागायला हवं. जूनमध्ये पर्यावरण दिनाला जाऊ नका, त्या दिवशी प्रत्येकाला रोप लावतानाचा फोटो हवा असतो आणि तुम्ही त्या फोटोत जाता. झालंच ना तसं एकदा.

पीएबद्दल. पीएला कमी लेखू नका. साहेब बदलतात, पक्ष बदलतात, पीए बऱ्याचदा तोच असतो, आणि कुठला कागद साहेबांपुढे वर ठेवायचा हे तोच ठरवतो. एक जण ठरवा जो दर पंधरा दिवसांनी त्याला एकच मेसेज करेल, निवेदनाचा आवक क्रमांक टाकून, ‘दादा, काही हालचाल?’ एवढंच. आठ जणांनी आठ मेसेज केलेत तर ब्लॉक व्हाल. एका कार्यालयात (कुठलं ते जाऊ दे) एका ग्रुपचं पत्र गहाळ झालं म्हणून सांगितलं गेलं, त्यांच्याकडे पोच होती, फोन नंबर होता, आणि पोरगी दर वेळी शांतपणे तेच विचारायची. शेवटी पीएनेच स्वतः वॉर्ड ऑफिसला पत्र टाईप करून साहेबांची सही घेतली, कटकट मिटावी म्हणून. चालतं, कटकट मिटावी म्हणून झालेलं कामही कामच असतं.

कोण जातंय हेही बघा. आठ विद्यार्थी गेले की ‘मुलं’ असतात. तेच आठ विद्यार्थी, सोबत चाळ कमिटीचे अध्यक्ष, बचत गटाच्या दोन ताई आणि शाळेतल्या एखाद्या पालकाला घेऊन गेले की मतदारसंघ असतो. ताईंनी ‘साहेब, पोर वर्गात चक्कर येऊन पडलं’ म्हटलं की तुमच्या पीपीटीची गरज राहत नाही. उष्णता हा विषय नेत्यांना आता कळतो, खारघरला एप्रिल २०२३ मध्ये भर उन्हातल्या सरकारी कार्यक्रमात १४ माणसं गेली, तेव्हापासून दुपारची सभा म्हटली की त्यांनाही धडकी भरते. कार्बन, पीपीएम, दीड डिग्री हे तुमच्या डोक्यात असू द्या, तोंडात पत्रा, पाणी, बस, वीजबिल येऊ द्या. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ चं १० झालं तेव्हा क्लायमेटवाल्या पोरांनी बोंब मारायला हवी होती, कारण तुमच्या वयाचं माणूस बस सोडून बाईक घेतं ते अशाच वेळी. ती वेळ गेली, पण बस किती वेळाने येते याची नोंद कॉलेजच्या गेटवर उभं राहून ठेवता येते, आणि ती नोंद घेऊन नगरसेवकाकडे जाता येतं.

आणि तुमच्यातल्या किती जणांचं नाव मतदार यादीत आहे? खरं सांग. आता वर्षातून चार तारखा असतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची पहिली, त्या दिवशी १८ पूर्ण असले की चालतं, आणि १७ झाल्यावर आगाऊ फॉर्म ६ (नव्या मतदाराच्या नोंदणीचा अर्ज) भरता येतो. कॉलेजात क्लायमेटचं पोस्टर लावण्याआधी फॉर्म ६ चं टेबल लावा, त्याची बातमी साहेबांपर्यंत आपोआप पोचते.

माहिती हवी असेल आणि वॉर्ड ऑफिसात कोणी देत नसेल तर माहिती अधिकार. १० रुपये, ३० दिवस, आणि आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत, हे लक्षात ठेवा, नाहीतर त्यावरच परत येतो. ‘का केलं नाही’ विचारू नका, ‘अमुक कामाच्या फाईलीची प्रत द्या’ म्हणा.

आझाद मैदानाचं म्हणशील तर मी विरोधात नाही. आरेच्या वेळी (मेट्रो कारशेडसाठी तिथली झाडं तोडायची होती), ऑक्टोबर २०१९ ला, हायकोर्टाने याचिका फेटाळल्यावर रातोरात झाडं पडायला लागली, पोरं रस्त्यावर आली, पकडली गेली, आणि दुसरीकडे कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, ज्यावर सुप्रीम कोर्टाने ७ तारखेला तोड थांबवायला सांगितली. तोवर दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती, हेही खरं. पण रस्त्यावरचा आवाज नसता तर त्या पत्राला तेवढं वजन आलं असतं असं मला वाटत नाही, आणि पत्र नसतं तर रस्त्यावरच्यांच्या हाती गुन्ह्यांशिवाय काही लागलं नसतं. तुमच्याकडे आत्ता रस्त्यावर उतरण्याएवढं कारण नाही, तुमचं निवेदनच धड गेलेलं नाही. आधी पोच, मग स्मरणपत्र, मग लोकशाही दिन (अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो, महिन्याचा पहिला सोमवार), आणि एवढं करून कोणी हललं नाही तर पोलिसांची रीतसर परवानगी घेऊन बसा, तेव्हा पत्रकारांना दाखवायला कागद असतील.

आता आई. तिची भीती अगदीच हवेतली नाही. २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या (प्रकल्पाने पर्यावरणाचं काय होईल ते आधी तपासण्याच्या नियमांच्या) मसुद्यावर पोरांनी केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांना ईमेल पाठवले, तर फ्रायडेज फॉर फ्युचर या तरुणांच्या क्लायमेट चळवळीची वेबसाईट बंद पडली आणि दिल्ली पोलिसांची थेट यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखालची नोटीस आली. नंतर पोलिसांनीच ती चुकून गेली म्हणून मागे घेतली. पण तिला हेही सांग की त्या मसुद्यावर लाखोंनी हरकती गेल्या आणि तो त्या रूपात अंतिम झाला नाही. त्यातून घ्यायचं ते असं की एकसारखा कॉपी-पेस्ट मेल हजारांनी पाठवण्यापेक्षा स्वतःच्या नावाने, स्वतःच्या वॉर्डातून, स्वतःच्या शब्दांत पाठवलेली पंचवीस पत्रं बरी, ती कोणाला त्रास दिल्यासारखी दिसत नाहीत आणि उत्तरही द्यावं लागतं. कुठल्याही पक्षाच्या बॅनरखाली फोटो नको, कुठल्याही पक्षाला नकार नको, सगळ्यांना तेच एक पान. आईला पुढच्या भेटीला सोबतच ने ना, शाळेच्या छताखाली बसलेलं पोर तिच्या शेजारणीचंच असेल.

एक पानाचा ड्राफ्ट झाला की इथे टाक, शाळांची नावं काढून. भाषा मी बघून देतो, तांत्रिक बाजूला इथे माझ्यापेक्षा जाणकार आहेत.