हात कुठे गेले?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी सात चित्रं आधी मोबाइलवर पाहिली. मोबाइलवर सगळ्यांचीच चित्रं बरी दिसतात, म्हणून मुलाला सांगून ती कागदावर छापून घेतली आणि जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीला चिकटवली. आज पाचवा दिवस. रोज दोन वेळा जेवताना तुझी चित्रं समोर असतात, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

‘सर, मी शिकलेलो नाही, फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो, एलिमेंटरी-इंटरमिजिएट एवढंच काय ते,’ हे तू एका पत्रात तीनदा लिहिलंयस. आणि शेवटी विचारतोस, तेविसाव्या वर्षी नोकरी सोडून कॉलेजात जाऊ का, की शिकलेल्याची आणि न शिकलेल्याची चित्रं शेवटी सारखीच असतात? सारखी नसतात रे. फरक असतो, चांगला ढळढळीत असतो. लोक फक्त तो भलत्याच जागी शोधतात.

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात एक चित्र आहे. कुठल्यातरी कॅलेंडरवर तू ते नक्की पाहिलं असशील. साडीतली एक मुलगी, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा, आणि बोटांच्या कडांतून झिरपणारा लालसर उजेड. वर्गात मी दरवर्षी विचारायचो, हे कोणाचं? अर्धा वर्ग ओरडायचा, ‘राजा रविवर्मा!’ रविवर्मा गेले १९०६ साली आणि हे चित्र आहे त्या शतकाच्या चाळिशीतलं. काढलंय आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी, आणि तेही जलरंगात. हळदणकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून रीतसर शिकून बाहेर पडलेले.

गंमत पुढेच आहे. ज्यांच्या नावावर आपण हे चित्र खपवतो, ते रविवर्मा कुठल्याही चित्रशाळेत गेले नव्हते. घरी मामांनी हात धरून सुरुवात करून दिली. त्रावणकोर दरबारातले रामस्वामी नायकर तैलरंगाची विद्या सांगेनात. १८६८मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार दरबारात आला, त्याने रविवर्म्यांना जवळ बसून नुसतं बघायची परवानगी दिली. एवढ्या शिदोरीवर १८७३मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांनी बक्षीस मिळवलं. म्हणजे अख्खा महाराष्ट्र ज्यांना ‘शास्त्रशुद्ध’ म्हणतो तो माणूस बघून बघून शिकलेला, आणि आपण त्याच्या नावावर लावतो ते काम जे. जे.च्या विद्यार्थ्याचं.

आता दोघांची कामं शेजारी ठेवून बघ. जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागद. जिथे दिव्याचा झोत पडतो तिथे रंग लावायचाच नसतो, भोवतीने अंधार चढवत न्यायचा. म्हणजे पहिला वॉश, पातळ रंगाचा हात, टाकायच्या आधीच शेवटचा उजेड कुठे राहणार हे ठरलेलं असावं लागतं, मागे फिरायची सोय नाही. हा आधी ठरवण्याचा कस शिक्षणातून येतो, तोही नुसत्या मेहनतीने नाही, शेकडो कागद फुकट घालवून. तैलरंगात खोडता येतं, वर चढवता येतं. रविवर्म्यांचं रेशीम, जर, कानातला खडा, गळ्याजवळची कातडी बघताना आजही मी गप्प होतो. पण त्यांच्या चित्रात पाच-सहा माणसं एकत्र आली की मला प्रत्येक जण आपापला फोटो काढून घ्यायला उभा राहिल्यासारखा वाटतो. हे माझं मत. वाद घालायचा तर घाल.

आता तुझ्याकडे येतो. सातांपैकी पाच चित्रांत माणसं आहेत. त्यांचे हात कुठे गेले?

आजीचे पदराखाली आहेत. रिक्षावाल्याचे काचेच्या खाली कापले गेलेत. स्टँडवरच्या बाईच्या पुढ्यात पिशवी आली. पोराने खिशात घातलेत. शेतातल्या माणसाचा एक हात पाठीमागे आहे, दुसरा गवतात, आणि जाता जाता गवताने पायही खाल्ले. तू मुद्दाम केलं नाहीस, हे मला माहीत आहे. एकट्याने शिकणारा माणूस आवडतं ते हजारदा काढतो, नावडतं टाळतो, आणि टाळण्यात इतका तरबेज होतो की त्याचं त्यालाही कळत नाही. कॉलेजात हे चालत नाही. पहिल्या वर्षी मला प्लास्टरचा कान दिला होता. तीन आठवडे तोच कान. स्वप्नात यायचा. कॉलेज म्हणजे मोठ्या भागाने एवढंच, नावडत्या कानासमोरून उठू न देणं.

आमच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर तुला वाटेल सर आपल्याच गल्लीचं कौतुक करतायत. डिप्लोमा झाल्यावर माझं पहिलं प्रदर्शन लागलं, कोल्हापुरातच. उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्यांच्याकडे मी पाट्या रंगवायला जायचो ते पेंटरमामा बघायला आले. चपला दाराबाहेर काढून आत आले, हात मागे बांधून सगळी भिंत फिरले आणि म्हणाले, ‘भांडी लई झ्याक काढलीस. पण समद्यांवर उजेड डावीकडनंच पडतोय. तुमच्या घराला उजवीकडं खिडकीच न्हाई व्हय?’

मी हसलो आणि मग बघितलं. खरंच, एकूण एक चित्रात उजेड डावीकडून. आमच्या वर्गाची खिडकी डावीकडे होती. चार वर्षं तसंच बघितलं, तसंच काढलं, मार्क मिळवले. रंकाळ्याच्या संध्याकाळचं एक चित्र होतं, सूर्य समोर तळ्यापलीकडे मावळतोय, आणि तरी घाटाच्या पायऱ्या डावीकडून उजळलेल्या! परीक्षक, शिक्षक, मित्र कोणालाच ते दिसलं नव्हतं, कारण सगळे त्याच खिडकीखाली बसून शिकलेले.

हेच पेंटरमामा बारा फुटी बोर्ड हातभर लांबीच्या फोटोवरून उतरवायचे. आधी ग्राफ मारायचा, मग चौकोनामागून चौकोन. शिडीवर उभं राहिलं की पुढ्यात फक्त नाकाचा कोपरा असतो, अख्खा चेहरा डोक्यात धरावा लागतो. आणि रेघ मनगटातून ओढायची नाही, खांद्यातून. पंढरपूरला जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवायचे. त्यांच्या घोड्याची मान बघ, कानामागून निघालेली रेघ छातीपर्यंत न थांबता येते. मला त्या रेघेत शिडीवरचा खांदा दिसतो. कुठल्या वर्गात हे शिकवत नाहीत, वर्गात तेवढी जागाच नसते. आमच्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर घ्या. कॉलेज नाही, पण चुलतभाऊ आनंदराव शेजारी होता आणि रंगवायला नाटकाचे पडदे होते. पुढे गड्याने कॅमेरासुद्धा घरच्या घरी जुळवला आणि १९२०मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. तेव्हा ‘स्वतः शिकलेला’ म्हटलं तरी त्याच्या मागे कोणीतरी, काहीतरी असतंच. तुझ्या मागे कोण आहे ते तू लिहिलं नाहीस.

मला वाटतं, फ्लेक्सची मशीन आहे. रिक्षावाल्याच्या गालाखालच्या सावलीत तू मजेंटा घातलायस. चक्क मजेंटा, आणि कडेला निळ्याची पट्टी. दिवसभर स्क्रीनवर छपाईचे ते चार रंग हलवणाऱ्यालाच हे सुचेल. आमच्यातल्या कोणीही तिथे डोळे मिटून बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, लावला असता. कॉलेजात गेलास तर पहिल्याच वर्षी कोणीतरी सज्जन मास्तर तो मजेंटा काढून घेईल आणि तपकिरी ट्यूब हातात देईल. कदाचित तो मास्तर मीच असतो, दहा वर्षांपूर्वी.

तू चित्रकार के. एच. आरांचं नाव घेतलंयस म्हणून त्यांच्याबद्दल दोन शब्द. लहानपणी पळून मुंबईला आले, गाड्या धुतल्या, घरगडी म्हणून राबले. त्यांनी जलरंग आणि गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, तैलरंगासारखे जाड थापले. परीक्षेत नापास करावं असं काम, पण त्यांच्या फुलदाण्यांना जे वजन आहे ते त्या थरांमुळेच. मुंबईतल्या चित्रकारांच्या १९४७च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये ते होते, हुसेन होते, जे. जे.मधून काढून टाकलेले सूझा होते, नागपूरहून आलेले रझा होते, जे. जे.चे शिल्पकार बाकरे होते, गाडे होते. तू लिहितोस, ‘आराही शिकले नव्हते.’ कबूल. पण त्यांच्या शेजारी चित्रं टांगणारी, बघणारी, तोंडावर बोलणारी पाच माणसं होती. तुझ्याकडे कोण आहे? इन्स्टाग्रामवर बदाम टाकणारे धरायचे नाहीत.

नोकरी आत्ता सोडू नकोस. सीईटीचा अर्ज भरायचा असेल तर भर, त्यात काही कमीपणा नाही आणि मोठेपणाही नाही, पण त्याआधी तीन महिने मी सांगतो ते कर. काउंटरवर गिऱ्हाईक पैसे मोजतं ना, ते हात काढ. पावतीच्या मागच्या बाजूला, दोन मिनिटांत, पेनाने. रोज दहा. खोडायचं नाही. रविवारी स्वतःचा डावा हात, अर्धा तास, एकाच चित्रावर. आणि मजेंटाला हात लावू नकोस, तो असू दे.

दुसरं म्हणजे, चित्रं दाखवायला दोन माणसं शोध. एक शिकलेला, एक न शिकलेला. तुमच्या गावात जुने पाट्या रंगवणारे कोणी उरले असतील, फ्लेक्स आल्यावर बिचारे घरीच बसलेत. तुझ्या धंद्याने त्यांचा धंदा खाल्ला, तेव्हा पहिल्यांदा जाशील तेव्हा शिव्या बसतील. चहा घेऊन जा.

आजीचं चित्र परत काढ. ती दुपारी पायरीवर बसून लसूण सोलते असं तू लिहिलंयस, आणि चित्रात मात्र नुसती बसवलीयस. लसूण सोलतानाच काढ. नखाखाली अडकलेलं साल दिसलं पाहिजे. बिघडलं तरी तेच पाठव, नीट करून पाठवू नकोस.

तोवर तुझी चित्रं भिंतीवर राहतील. घरची मंडळी जरा कुरकुरतायत. ही म्हणते, तो रिक्षावाला जेवताना सारखा ताटाकडे बघतो, त्याला तरी खाली काढा. मी नाही काढणार.

आजीला नमस्कार सांग.