वाचक विचारतात : तारण, खंडणी, प्रायश्चित्त

प्रश्न : पतसंस्थेच्या पाटीवर ‘सोनेतारण’, बाजार समितीत हळदीवर ‘तारण कर्ज’ आणि रविवारी चर्चमध्येही ‘तारण’! शिवाय ख्रिस्ताने खंडणी दिली म्हणतात. ती कोणाला? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पतसंस्थेतले तारण बाजूला ठेवा. तिथे आपली वस्तू अडकते. बायबलमधल्या तारणात अडकलेला माणूस सुटतो. मूळ ग्रीक शब्द ‘सोतेरिया’. मार्क ५:३४ मध्ये रक्तस्रावाने पीडलेल्या बाईला येशू त्याच शब्दकुळातले क्रियापद (‘सोझो’) वापरून बोलतो आणि मराठीत त्याचे ‘बरे केले’ असे होते. तारण म्हणजे फक्त मेल्यानंतरचे काहीतरी, हा समज तिथेच डळमळतो.

खंडणीची अडचण वेगळी. आज हा शब्द ऐकला की गुंडाचा फोन आठवतो. मार्क १०:४५ मध्ये खंडणीसाठीचा मूळ ग्रीक शब्द ‘लुत्रॉन’ म्हणजे गुलाम किंवा युद्धकैदी सोडवायला भरलेली किंमत. कोणाला भरली, हे ते वचन सांगतच नाही. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित ओरिगेनने ‘सैतानाला’ असे उत्तर दिले. चौथ्या शतकात नाझियान्झच्या ग्रेगरी या बिशपने ते खोडून काढले : लुटारूला मोल कसले? आणि पित्याला म्हणावे, तर त्याने आपल्याला कैद केलेच नव्हते. उपमा ताणली की अशी फाटते.

म्हणून पौलाचे रोमकरांस पत्र ३:२४-२५ उघडा आणि तिथल्या तीन उपमांसाठी तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. ‘नीतिमान ठरणे’ हे कोर्टातले : निर्दोष असा निकाल. ‘मुक्ती’ गुलामांच्या बाजारातली. ‘प्रायश्चित्त’ मंदिरातले, आणि मराठी वाचक हमखास फसतो तो इथेच. आपल्याकडे प्रायश्चित्त ज्याचे पाप त्याने घ्यायचे. इथे ते देवच पुढे करतो. मूळ शब्द ‘हिलास्तेरियोन’. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द दयासनासाठी आहे. दयासन म्हणजे कराराच्या कोशावरचे (दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पवित्र पेटीवरचे) शुद्ध सोन्याचे झाकण, अडीच हात लांब, दीड हात रुंद (निर्गम २५:१७). वर्षातून एकदा प्रमुख याजक त्यावर रक्त शिंपडत असे (लेवीय १६). पौलाचा यहुदी वाचक हा शब्द ऐकताच ते झाकण डोळ्यांपुढे आणी.

प्रश्न : कॅथलिक मैत्रिणीचे बायबल माझ्यापेक्षा जाड का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नवा करार दोघींचा सारखाच, २७ पुस्तकांचा. जुन्या करारात तुमची, म्हणजे प्रोटेस्टंटांची, ३९, तिची ४६. मक्काबींची दोन पुस्तके त्या जादा सातांत येतात.