सगळ्या ट्रॅफिकला एकच कुलूप नको
मित्रा, फाइव्ह-जी कोअरमध्ये (नेटवर्कच्या मध्यवर्ती भागात) सरसकट एकच पॉलिसी लावून मोकळा होऊ नकोस. युजर प्लेनची, म्हणजे ग्राहकाच्या डेटाची, सुरक्षा प्रत्येक पीडीयू सेशनला (उपकरणाच्या डेटा-जोडणीला) वेगळी ठरते: एन्क्रिप्शन (डेटा वाचता येऊ नये म्हणून) आणि इंटिग्रिटी (डेटा वाटेत बदलला तर कळावं म्हणून), दोन्हींना ‘रिक्वायर्ड’, ‘प्रिफर्ड’ किंवा ‘नॉट नीडेड’. ठरवतो एसएमएफ (कोअरमधला सेशन सांभाळणारा घटक), अमलात आणतं बेस स्टेशन.

वीजमीटरच्या डीएनएनला (ते ज्या डेटा नेटवर्कला जोडतात त्याच्या नावाला) इंटिग्रिटी ‘रिक्वायर्ड’च ठेव. २०१८ मध्ये संशोधकांनी एलटीईवर (फोर-जीवर) दाखवलंच होतं: एन्क्रिप्शन होतं, इंटिग्रिटी नव्हती, म्हणून डीएनएस सर्व्हरचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता वाटेतच बदलता आला. ‘प्रिफर्ड’वर विसंबू नकोस, बेस स्टेशनला झेपलं नाही तरी सेशन चालूच राहतं, एसएमएफला फक्त कळवलं जातं.

आधी मोडेम तपास. रिलीज १५ ची (फाइव्ह-जी मानकाच्या पहिल्या आवृत्तीची) काही उपकरणं इंटिग्रिटी ६४ केबीपीएस वेगापर्यंतच पेलतात. मी न बघता ‘रिक्वायर्ड’ लावलं, आणि सकाळी निम्मे मीटर नेटवर्कवरून गायब!