फुप्फुसांच्या एमआरआयआधी झेनॉन वायू का ओढायला लावतात?
साधा एमआरआय मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनवर चालतो. फुप्फुसात हवाच जास्त, म्हणून ती काळी येतात. झेनॉन-129 ती पोकळीच दाखवतो. त्याआधी रुबिडियम या धातूच्या वाफेत 795 नॅनोमीटरचा लेसर सोडून झेनॉनचं ध्रुवीकरण (त्याची अणुकेंद्रं चुंबकांसारखी एकाच दिशेला वळणं, ज्यामुळे सिग्नल ठळक येतो) हजारो पटींनी वाढवतात. रुग्ण पिशवीतून वायू ओढतो, 10-15 सेकंद श्वास रोखतो. वायू पोचला नाही तिथे काळा डाग.

मला मोलाचं वाटतं ते पुढचं: झेनॉन रक्तात विरघळतो, तांबड्या पेशींतला त्याचा सिग्नल वेगळ्या वारंवारतेवर येतो. म्हणजे वायू रक्तात नीट उतरतोय का, तेही कळतं.

घात करतो ऑक्सिजन. पिशवीत हवा शिरली की ध्रुवीकरण झपाट्याने उतरतं, ते परत मिळत नाही. कॉइलही (सिग्नल पकडणारी अँटेना) वेगळी लागते: 1.5 टेस्ला ताकदीच्या चुंबकात हायड्रोजनचा सिग्नल सुमारे 64 मेगाहर्ट्झवर, झेनॉनचा 17.7 वर.