वर्गणीदार मागताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

वाचक कलावंताला दरमहा थोडे थोडे पैसे देतात त्या पेट्रिऑन या वेबसाइटवर उघडायच्या पानाचा तुझा मसुदा मिळाला. आधी चित्रकथेची नवी पानं पाहिली आणि मग मसुदा वाचला, हे बरं झालं. पहाटेच्या एसटी स्टँडवर ती म्हातारी डबा उघडते आणि पहिली भाकरी कंडक्टरच्या हातावर ठेवते, ते पान मी उघडं ठेवूनच दिवसभर इकडची तिकडची कामं केली. हे काम चालू राहायला हवं. त्यासाठी दरमहा पैसे लागतात आणि ते मागण्यात काही कमीपणा नाही. कीर्तन संपलं की आरतीचं ताट फिरतं, तेव्हा बुवा काही मान खाली घालून बसत नाहीत. तुझ्या मसुद्यात मात्र ‘जमलं तर’, ‘संकोच वाटतो, पण’, ‘माफ करा’ हे ओळीआड येतं. ते सगळं काढून टाक. काय करते आहेस, महिन्याला किती पानं देणार आहेस आणि त्यासाठी किती पैसे लागतात, एवढं सरळ लिही.

खरी काळजी वाटली ती बक्षिसांच्या यादीची. 149 रुपयांच्या पायरीवर, म्हणजे दरमहा तेवढी वर्गणी भरणाऱ्या, प्रत्येकाला तू दर महिन्याला हाताने रंगवलेलं पोस्टकार्ड कबूल केलं आहेस. तुझा हात मला माहीत आहे. जलरंगातलं कार्ड तू 40 मिनिटांच्या आत सोडणार नाहीस. 80 वर्गणीदार झाले तर महिन्याचे 53 तास कार्डांतच जातील. पाकिटं, पत्ते, पोस्टातली रांग वेगळीच. चित्रकथेसाठी जमवलेल्या पैशांनी चित्रकथेचाच वेळ खाल्ला, असं होऊन बसेल. शिवाय एखाद्या महिन्यात कार्ड चुकलं तर ज्याला त्याचं काही वाटणारही नाही, त्याच्यासमोरही तू उगाच ऋणको होशील.

दरमहा पैसे देणारा माणूस वस्तू विकत घेत नसतो. आमच्या त्रैमासिकाची वर्गणीवही बरीच वर्षं माझ्याकडे होती. मनीऑर्डरच्या कुपनावर निरोपासाठी दोन बोटं जागा असायची. तेवढ्या जागेत लोक बारीक अक्षरात लिहायचे, ‘अंक उशिरा आला तरी हरकत नाही, बंद करू नका.’ भेटवस्तू कुणीही मागितली नाही. तुझ्या वाचकांचंही तेच आहे. त्यांना पुढचं प्रकरण हवं आहे. म्हणून त्यांना तेच दे जे काम करताना आपोआप तयार होतं: कच्ची रेखाटनं, टाकून दिलेली चौकट आणि ती का टाकली याच्या चार ओळी, सगळ्यांच्या आठवडाभर आधी वाचायला मिळणारं प्रकरण. शेवटच्या पानावर वर्गणीदारांची नावं छाप. आपल्याकडच्या वाचकाला पुस्तकात स्वतःचं नाव दिसण्याचं फार अप्रूप असतं, आणि तुला त्याला अर्धा तास पुरतो.

मूळ चित्रकथा कुलपात ठेवू नकोस, हे माझं ठाम मत आहे. मराठीत चित्रकथा वाचणारी मोठी माणसं मुळात थोडी. दार बंद केलंस तर पुढचा वर्गणीदार येणार कुठून? कथा सगळ्यांना मोकळी ठेव आणि ती चालू राहावी म्हणून काही जणांनी पैसे द्यावेत, अशी मांडणी कर.

आता ज्या पेढीवर तू बसणार आहेस तिच्याविषयी. पेट्रिऑन 2013 मध्ये जॅक कॉन्टे आणि सॅम याम या दोघांनी सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलं. कॉन्टे स्वतः संगीतकार. एका गाण्याच्या व्हिडिओसाठी त्याने क्रेडिट कार्डांवर हजारो डॉलर उचलून अंतराळयानाचा देखावा उभा केला. लोक तो व्हिडिओ आवडीने पाहणार हे त्याला दिसत होतं, पण जाहिरातींच्या पैशातून त्या खर्चाचा छोटा तुकडाच परत येणार हेही दिसत होतं. ज्यांना आपलं काम मनापासून आवडतं त्यांनी थेट थोडेथोडे द्यावेत, ही कल्पना तिथून आली. किकस्टार्टरसारख्या ठिकाणी एका प्रकल्पासाठी एकदा पैसे उभे करता येतात, पुस्तक छापायचं असेल तेव्हा तो रस्ता चांगला. पण दर महिन्याचं घरभाडं त्याने भागत नाही.

कल्पना कलावंताची असली तरी ती आता कंपनी आहे, आणि कंपनी आपले दर बदलते. 2017 च्या डिसेंबरात काय झालं ते नीट समजून घे. पेट्रिऑनने जाहीर केलं की व्यवहाराचा खर्च यापुढे पाठीराख्यांकडून घेतला जाईल, प्रत्येक वर्गणीमागे 2.9 टक्के आणि वर 35 सेंट. म्हणजे 1 डॉलर देणाऱ्याला 1 डॉलर 38 सेंट पडणार. एखादा रसिक दहा कलावंतांना प्रत्येकी एक डॉलर देत असेल तर त्याचे 10 डॉलर एकदम 13 डॉलर 80 सेंट होणार. सर्वांत मोठा घाव बसला तो अशा लहान लहान वर्गण्यांवर. लोकांनी भराभर वर्गण्या बंद केल्या. आठवड्याभरात कंपनीने माफी मागून निर्णय मागे घेतला, पण गेलेले सगळेच काही परतले नाहीत. ज्या कलावंतांचा यात काडीचाही संबंध नव्हता, त्यांच्या महिन्याच्या हिशोबाला खिंडार पडलं.

2025 च्या ऑगस्टपासून नव्याने येणाऱ्या कलावंतांकडून पेट्रिऑन 10 टक्के घेतं. व्यवहारखर्च वेगळा, डॉलरचे रुपये करताना होणारी घट आणखी वेगळी. यूट्यूबवर अशीच सदस्यता ठेवशील तर 30 टक्के तिथेच राहतात. पेट्रिऑनच्या आयफोनवरच्या अ‍ॅपमधून कुणी नव्याने वर्गणी भरली तर अ‍ॅपलचा वाटा 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून दुवा पाठवताना ‘मोबाइलच्या ब्राउझरमधून भरा, अ‍ॅपमधून नको’ हे एक वाक्य नेहमी लिहीत जा. लहान रकमांवर व्यवहारखर्चाचा बोजा फार पडतो, तेव्हा 1 डॉलरची पायरी ठेवूच नकोस. 5 डॉलरपासून सुरू कर.

आश्रय एकाच हातात असला की काय होतं, हे आपल्या संगीताने पाहिलेलं आहे. अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात शाहू महाराजांनी आश्रय दिला, त्यातून जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली. 1922 मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेबांना मुंबई गाठावी लागली. तुझ्याकडे शंभर आश्रयदाते असतील, हे तुझं भाग्य. पण ते शंभर जण एकाच कंपनीच्या दारातून तुझ्यापर्यंत येत असतील, तर ते दार बंद झाल्यावर तुझी गत तीच. आणि अशी दारं बंद होतात. सबेबल नावाची अशीच एक सेवा 2013 मध्ये सुरू झाली आणि 2015 मध्ये पेट्रिऑनने ती घेतली. तिथल्या पाठीराख्यांना सगळं बिऱ्हाड हलवावं लागलं.

म्हणून माझ्या या सगळ्या पत्रातली एकच गोष्ट पाळणार असशील तर ही पाळ: वर्गणीदारांची यादी तुझ्या ताब्यात हवी. पेट्रिऑनवरून नावं आणि ईमेल असलेली फाइल उतरवून घेता येते. दर महिन्याच्या पाच तारखेला ती उतरवायची आणि आपल्या वहीत, म्हणजे तुझ्या एक्सेलमध्ये, लावून ठेवायची. कोण कधीपासून आहे, कोण थांबलं, कुणाला कुठलं प्रकरण आवडलं, हेही लिहायचं. त्या लोकांनी विश्वासाने दिलेले पत्ते आहेत ते. दुसऱ्या कुणाच्याही हाती जाऊ द्यायचे नाहीत, मित्राने प्रदर्शनाच्या आमंत्रणासाठी मागितले तरीही नाही.

आता घरच्या वाचकांचं. तुझे बरेच वाचक सातारा, नांदेड, जळगावकडचे आहेत. त्यांना डॉलरची पायरी काय कामाची? त्यांच्यासाठी यूपीआयचा वेगळा रस्ता हवाच. यूपीआयवर 2020 पासून ऑटोपे आहे, त्यातून दरमहा रक्कम आपोआप वळती होते. डेबिट-क्रेडिट कार्डाचं मात्र जरा जपून. 1 ऑक्टोबर 2021 पासून अशा आपोआप वळत्या होणाऱ्या पैशांविषयीचे रिझर्व्ह बँकेचे नियम कडक झाले आणि तेव्हा कित्येकांच्या चालू वर्गण्या कार्डावर एकाएकी अडकल्या. एखाद्याची वर्गणी आली नाही तर तो रुसला असं लगेच धरू नकोस. बँकेने अडवलं असण्याचीच शक्यता जास्त असते. चार ओळींचा साधा निरोप पाठव.

त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे. पैसे वळते होण्याच्या निदान 24 तास आधी ग्राहकाला बँकेकडून तसा निरोप जातो. म्हणजे दर महिन्याला एक क्षण असा येतो, जेव्हा तुझा वर्गणीदार फोनकडे बघून मनात म्हणतो, हे चालू ठेवायचं का? त्या निरोपाच्या आधी तुझं त्या महिन्याचं पान त्याच्यापर्यंत पोहोचलेलं असू दे. वर्गणी एक तारखेला असेल तर पान 27-28 ला. हे धोरण म्हण किंवा सौजन्य म्हण, दोन्ही खरं आहे.

आणि वार्षिक वर्गणी ठेव. तुझ्या मसुद्यात ती नाहीच, याचं मला नवल वाटलं. मराठी घरांना वर्षाची वर्गणी भरायची पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. मासिकांची, ग्रंथालयाची, नाट्यसंस्थेच्या सभासदत्वाची. दरमहा 100 रुपयांना बिचकणारा माणूस वर्षाचे 1000 रुपये यूपीआयने एका फटक्यात भरतो आणि मोकळा होतो. ऑटोपे नको, बँकेचा निरोप नको. तुलाही वर्षभराचा अंदाज येतो. फक्त ते हजार रुपये जानेवारीतच संपवायचे नाहीत, बारा भाग करून बाजूला ठेवायचे.

पैशांच्या कायदेशीर बाजूचं थोडक्यात. हे उत्पन्न आहे, देणगी नाही, त्यामुळे ते विवरणपत्रात दाखवायचं. सेवांची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तोवर सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. परदेशातून येणाऱ्या पैशांच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घाल. परदेशी योगदानाच्या कायद्यात नोंदणीकृत वृत्तपत्रांच्या व्यंगचित्रकारांवर स्पष्ट बंदी आहे, स्तंभलेखकांवरही. एखाद्या दैनिकाशी तुझं व्यंगचित्रांचं बोलणं चालू आहे असं मागे म्हणाली होतीस, म्हणून मुद्दाम लिहिते. सेवेच्या मोबदल्याला तो कायदा वेगळा धरतो, तेव्हा परदेशातल्या लोकांना ‘मदत करा’ असं कुठेही लिहू नकोस. ‘सदस्य व्हा’ असं लिही आणि सदस्याला काय मिळतं ते शेजारीच लिही. मसुद्यात ‘देणगी’ हा शब्द आहे, तो सगळीकडून काढ. दैनिकाच्या करारावर सही करण्याआधी सीएला एकदा भेटच.

तुझ्या मनातला खरा प्रश्न तू पत्राच्या तळाशी, ताजा कलममध्ये लिहिलास: एखाद्या महिन्यात हातून काहीच झालं नाही तर? होणार असे महिने. आई आजारी पडेल, कथा अडेल. तेव्हा दोन गोष्टी कर. त्या महिन्याची मासिक वर्गणी घ्यायची थांबव, पेट्रिऑनवर तशी सोय आहे. आणि कारण लिहून कळव, खोटं प्रकरण रंगवून वेळ मारून नेऊ नकोस. माझ्या वर्गणीवहीतली माणसं अंकाला उशीर झाला म्हणून कधी गेली नाहीत. काहीच न कळवता अंक आला नाही, तेव्हा मात्र गेली.

सुरुवातीला 20-25 जण येतील, त्यांत ओळखीचेच जास्त. पहिलं वर्षभर तो आकडा दर आठवड्याला बघत बसू नकोस. महिन्याची चार पानं वेळेवर गेली का, तेवढंच बघ. नोकरी इतक्यात सोडू नकोस. सहा महिन्यांची वर्गणी हातात असेल आणि दैनिकाचं बोलणं पक्कं झालं असेल, तेव्हा पुन्हा बोलू.

वार्षिक वर्गणीचा आकडा ठरला की कळव, म्हणजे माझे पैसे त्याच दिवशी भरते. अमेरिकेतल्या माझ्या भाचीलाही सांगितलं आहे, ती डॉलरच्या रस्त्याने येईल.

तुझ्या,
चित्रकलेच्या बाई